आधी पैसे, मग भांडण

मैत्रिणींनो, या खेपेला एकाच पत्राला सगळी जागा देते आहे. पत्र नाशिकच्या एका वाचक भगिनीचं आहे. त्यांच्या सासूबाई, वय अडुसष्ट, धाकट्या मुलाकडे कॅनडात मिसिसागाला सहा महिन्यांसाठी गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन येताना रस्ता ओलांडत होत्या, तेवढ्यात वळणाऱ्या मोटारीची धडक बसली. खुब्याचं हाड मोडलं. इस्पितळाचं बिल प्रवास-विम्यातून भागलं. पण पुढची फिजिओथेरपी, वॉकर, अंघोळ घालायला येणारी बाई, हा खर्च काही कमी नाही. दिरांनी आपल्या मोटारीच्या विमा कंपनीकडे अर्ज केला आणि पैसे सुरूही झाले.

मग कंपनीच्या माणसाचे फोन यायला लागले. आई तुमच्यावर अवलंबून आहेत का? दरमहा किती पैसे पाठवता? गावी घर कुणाच्या नावावर? पेन्शन किती? सासूबाईंच्या कानावर हे गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मी काय भिकारीण आहे का? माझ्या यजमानांची पेन्शन येते मला." पाठोपाठ एक छापील पत्रही आलं, की तुमच्या दाव्याबाबत दोन विमा कंपन्यांमध्ये वाद आहे. ते वाचून दिरांचं धाबं दणाणलं. आता प्रश्न असा, की काय उत्तर द्यायचं? "अवलंबून आहेत" म्हटलं तर पैसे मिळतील, की "नाहीत" म्हटलं तर? आणि धडक मारली दुसऱ्याच्या मोटारीने, मग आपल्या कंपनीने पैसे का दिले? उद्या परत तर मागणार नाहीत ना?

भगिनी, आधी एक सांगते म्हणजे तुम्हाला रात्री झोप लागेल. हे भांडण तुमचं नाही. दोन कंपन्यांचं आहे, आणि तिथल्या कायद्यानेच ते तुमच्या डोक्यावरून पलीकडे नेलं आहे.

मी काही वकील नाही. शाळेत अर्धा वेळ गणित आणि नागरिकशास्त्र शिकवते, आणि कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड आहे, एवढंच. तुमचं पत्र आल्यापासून तिथले नियम घेऊन बसले. खरं सांगायचं तर वाचता वाचता मला आपल्याच घरांतली रीत आठवली. वडिलांना एकाएकी दवाखान्यात न्यावं लागतं. काउंटरवर डिपॉझिट मागतात. तेव्हा कुणी म्हणत नाही, की थांबा, थोरला पुण्याहून येऊ दे, मग वाटणी ठरवू. जो मुलगा आधी पोहोचला तो खिशातून भरतो. मग वडील घरी आल्यावर भाऊ हिशेबाला बसतात. त्यात आवाजही चढतात, जावांचे चेहरेही पडतात, पण वडिलांचं सलाइन त्यापायी थांबलेलं नसतं.

ऑन्टॅरिओ प्रांतात मोटारीच्या विम्याचं नेमकं हेच केलेलं आहे. तिथे १९९० साली कायदा बदलला आणि "नो-फॉल्ट" पद्धत आली. नावावरून आपल्याला वाटतं, की कुणाचीच चूक नाही असं धरतात. तसं नव्हे. चूक असतेच, ठरवतातही, पण जखमी माणसाचे उपचाराचे आणि शुश्रूषेचे पैसे त्या निकालासाठी अडवून ठेवायचे नाहीत. प्रत्येकाने आपल्या विमा कंपनीकडे जायचं, ती पैसे देणार. पायी चालणाऱ्यालाही हे मिळतं, आणि पाहुणा म्हणून गेलेल्यालाही मिळतं.

आता "आपली" कंपनी कोणती? सासूबाईंची स्वतःची गाडी नाही, पॉलिसी नाही. अशा पायी चालणाऱ्यासाठी कायद्याने पायऱ्या लावून ठेवल्या आहेत. पहिली पायरी, ज्या पॉलिसीत तो माणूस "विमाधारक" धरला जातो ती कंपनी. यात पॉलिसीवर ज्याचं नाव आहे तो, त्याचा नवरा किंवा बायको, आणि त्या दोघांवर अवलंबून असलेली माणसं येतात. तशी पॉलिसी नसेल तर धडक देणाऱ्या मोटारीची कंपनी. तिचाही विमा नसेल तर अपघातात सापडलेल्या दुसऱ्या कुठल्या मोटारीची. आणि तेही नसेल तर सरकारी निधी. म्हणजे अगदी कुणीच नाही असं होत नाही.

तुमच्या दिरांना आलेल्या सगळ्या फोनांचं मूळ पहिल्याच पायरीत आहे. सासूबाई मुलावर "अवलंबून" ठरल्या, तर खर्च दिरांच्या कंपनीचा. नाही ठरल्या, तर त्या मोटारवाल्याच्या कंपनीचा. कंपनीच्या माणसाला तुमच्या सासूबाईंची गरिबी मोजायची नाही, त्याला हा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर ढकलता येतो का ते बघायचं आहे. सासूबाईंना हे जरूर समजावून सांगा. "भिकारीण" हा शब्द त्यांच्या मनातून काढून टाका.

अवलंबून म्हणजे काय, हेही तिथे वाऱ्यावर सोडलेलं नाही. पैशासाठी किंवा देखभालीसाठी मुख्यत्वे दुसऱ्यावर भिस्त असली पाहिजे, आणि मुख्यत्वे म्हणजे निम्म्याहून जास्त. मुलगा किती देतो, किती दिवसांपासून देतो, त्या माणसाची गरज किती, आणि तो स्वतःच्या पायावर उभा राहू शकतो का, अशा चार बाजूंनी बघतात. अपघाताच्या आधीचा काळ विचारात घेतात, नंतरचा नाही, बरं का! आज सासूबाईंना उठायला हात द्यावा लागतो म्हणून त्या अवलंबून ठरत नाहीत. अपघातापूर्वी नाशिकला स्वतःच्या घरात, स्वतःच्या पेन्शनवर राहत होत्या, स्वतः भाजी आणत होत्या, तर तेच खरं उत्तर. मुलगा दिवाळीला आणि अधूनमधून पैसे पाठवत होता, तर तेही सांगायचं, किती ते बँकेच्या कागदासकट. माझ्या अंदाजाने त्या अवलंबून ठरणार नाहीत, पण ते ठरवणारी मी कोण?

तुमचा खरा प्रश्न, कोणतं उत्तर दिलं तर फायदा? कोणत्याच नाही. उत्तर काहीही आलं तरी पैसे मिळणारच, फक्त चेक फाडणारा हात बदलेल. त्यामुळे रंगवून सांगण्यात काही मिळायचं नाही. उलट एकीकडे "सगळा खर्च मीच करतो" आणि दुसरीकडे "आईची पेन्शन आहे" असं दोन तोंडांनी बोललं गेलं, तर नसता संशय ओढवून घ्याल.

दिरांनी अर्ज चुकीच्या कंपनीकडे केला का? मुळीच नाही. तिथला १९९५ सालचा एक नियम आहे, तो मला फार आवडला. भरलेला अर्ज ज्या कंपनीच्या हाती पहिल्यांदा पडतो, तिने पैसे द्यायचे, वाद मिटेपर्यंत देत राहायचं. "आमच्याकडे नाही, त्या खिडकीवर जा" असं म्हणायची सोय नाही. (आपल्याकडच्या काही कचेऱ्यांच्या भिंतीवर हा नियम मोठ्या अक्षरांत लावावा असं मला वाटून गेलं.) अर्थात कंपनीचा काहीतरी धागा त्या अपघाताशी हवा, रस्त्यावरून जाताना पाटी दिसली म्हणून आत शिरलो असं चालत नाही. दिरांची पॉलिसी होती, धागा होता, तेवढं पुरे.

मग त्या कंपनीला वाटलं, की हा भार खरा दुसरीचा, तर तिने नव्वद दिवसांच्या आत दुसऱ्या कंपनीला लेखी कळवायचं. नव्वद दिवस उलटले, तर काही थोडे अपवाद सोडता तिला तो भार तसाच वाहावा लागतो. कळवल्यानंतर आपसात मिटलं नाही तर लवाद नेमतात, आणि तेही नोटीस दिल्यापासून एका वर्षाच्या आत सुरू करायचं असतं. लवादाने दुसरीवर भार टाकला, की पहिलीने आजवर सासूबाईंसाठी जे दिलं ते दुसरी पहिलीला भरून देते. सासूबाईंकडून कुणी काही मागत नाही. "परत तर मागणार नाहीत ना?" याचं उत्तर हे. परत मागतात ते एकमेकींकडून. खोटं सांगून पैसे घेतले असतील तर गोष्ट वेगळी, पण ती तुमची गोष्ट नव्हे.

ते छापील पत्र रद्दीत टाकू नका मात्र. दावा एका कंपनीकडून दुसरीकडे जावा याला हरकत असेल तर चौदा दिवसांच्या आत कळवण्याचा हक्क त्यात दिलेला असतो. तुम्हाला हरकत घ्यायचं कारण मला दिसत नाही. पण दावा दुसरीकडे गेलाच तर फिजिओथेरपीचे मंजूर कागद, डॉक्टरांचा दाखला, बाईच्या पगाराच्या पावत्या या सगळ्यांच्या नकला दिरांच्या घरी असल्या पाहिजेत. नव्या कंपनीचा नवा माणूस पहिल्यापासून सगळं विचारतो. दवाखाना बदलला की नवा डॉक्टर जुनी फाईल मागतो ना, तसंच.

तुमच्या जाऊबाईंना हप्ता वाढेल ही धास्ती आहे, असं तुम्ही लिहिलं आहे. ऑन्टॅरिओत ज्या अपघातात आपली चूक नाही, त्याच्या कारणाने हप्ता वाढवता येत नाही. आणि दिरांची मोटार तर त्या वेळी दारात उभी होती.

एक दुसरी वसुलीही तिथे आहे. तुमच्या सासूबाईंना लागू नाही, पण तिकडे मुलं-भाचे मोटारसायकल चालवतात म्हणून सांगते. दोन साध्या मोटारी एकमेकींवर आपटल्या, तर प्रत्येक कंपनी आपापल्या माणसाला देते आणि गप्प बसते. चूक समोरच्याची असली तरी या लाभांपोटी दिलेलं मागायला जात नाही. या वर्षी तुझं नुकसान, पुढच्या वर्षी माझं, सरासरी सारखीच पडते. पण मोटारसायकल आणि मोठा ट्रक यांना हा न्याय लावला तर? मोटारसायकलवाला पडला की हात-पाय मोडतो, आणि समोरच्या मोटारीतल्या माणसाला खरचटतही नाही. म्हणजे चूक मोटारीची असली तरी दर वेळी भुर्दंड मोटारसायकलच्या कंपनीला, आणि मग त्या बिचाऱ्यांचे हप्ते आभाळाला. ट्रकचं उलटं. तो दुसऱ्यांना चिरडतो, आत बसलेला ड्रायव्हर सुखरूप. ट्रकच्या कंपनीला आयतंच फावेल.

म्हणून कायद्याने तिथे वसुलीचा दरवाजा ठेवला. मोटारसायकलवाल्याच्या कंपनीने त्याला आधी सगळं द्यायचं, मग समोरच्या मोटारीची जितकी चूक असेल तितका हिस्सा तिच्या कंपनीकडून मागून घ्यायचा. तसंच साडेचार हजार किलोंपेक्षा जड व्यापारी गाडीने कुणाला ठोकरलं, तर त्या गाडीच्या कंपनीकडून. फक्त पहिल्या दोन हजार डॉलरांची वसुली करता येत नाही. एवढ्यातेवढ्यासाठी कागदी घोडे नाचवू नका, असा त्याचा अर्थ असावा.

आणि या वसुलीसाठी चूक ठरवायची पद्धत तर बघा. सरकारने चित्रं काढून तक्ताच दिला आहे. मागून धडक दिली, मागचा शंभर टक्के चुकला. थांबायच्या पाटीला थांबला नाही, तोच चुकला. पाऊस होता, बर्फ होतं, धुक्यात दिसलं नाही, यातलं काहीही विचारात घ्यायचं नाही असं नियमातच लिहून ठेवलं आहे. वर्गात मुलं "बाई, पेनातली शाई संपली होती" म्हणतात, तेव्हा मलाही असा तक्ता हवासा वाटतो. जखमी माणसाने चालकावर नुकसानभरपाईचा दावा लावला तर तिथे हा तक्ता चालत नाही, सगळी परिस्थिती बघतात. पण कंपन्यांच्या आपसातल्या हिशेबाला खोलात जायचं कारण नाही. लवकर मिटावं एवढंच हवं.

तुमच्या सासूबाईंना धडकला तो मोठा ट्रक असता आणि त्या मुलावर अवलंबून ठरल्या असत्या, तर दिरांच्या कंपनीने हाच दरवाजा ठोठावला असता. साध्या मोटारीबाबत तो बंद. म्हणून तर "अवलंबून आहेत का" या एका प्रश्नावर तिने एवढा जोर दिला आहे. तो निसटला की तिला दुसरी वाट नाही.

हे सगळं गोडगोड आहे असं मात्र समजू नका. मिळणाऱ्या रकमेला मर्यादा आहेत. अगदी गंभीर नसलेल्या दुखापतीत औषधोपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषा मिळून पासष्ट हजार डॉलर, आणि मुरगळणं-लचकणं असल्या किरकोळ दुखापतीला साडेतीन हजार. खुब्याचं हाड मोडणं किरकोळात येत नाही, तेव्हा तसं कुणी म्हणालं तर डॉक्टरांचा दाखला पुढे करा. मुदतीही कडक आहेत. अपघातानंतर सात दिवसांत कंपनीला कळवायचं, आणि फॉर्म हाती आल्यापासून तीस दिवसांत भरून द्यायचा. शिवाय १ जुलै २०२६ पासूनच्या नियमांत उपचार, पुनर्वसन आणि शुश्रूषा एवढंच सक्तीचं ठेवून बुडालेल्या पगाराची भरपाई, मृत्यूनंतरची रक्कम असे बरेच लाभ ऐच्छिक केले आहेत. जादा हप्ता भरेल त्यालाच ते मिळणार. ज्यांची मुलं तिकडे आहेत त्यांनी फोनवर "पॉलिसीत काय काय घेतलं आहे रे?" एवढं जरूर विचारावं. मुलं वैतागतील, वैतागू देत.

आता पत्रातला शेवटचा प्रश्न, "आपल्याकडे असं काही आहे का?" थोडंफार आहे. चूक न विचारता भरपाई देण्याची सोय आपल्याकडे कॅनडाच्या त्या कायद्याच्याही आधी, १९८२ साली आली. तेव्हा मृत्यूला पंधरा हजार रुपये होते. आज, म्हणजे १ एप्रिल २०२२ पासून, मृत्यूला पाच लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख आहेत. गाडीमालक किंवा त्याची विमा कंपनी ते देते, आणि चालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. याहून जास्त नुकसान झालं असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे चूक दाखवून मागायचं. यातला कोणता मार्ग धरायचा ते अर्जावर सही करण्यापूर्वी वकिलाला विचारा. मुदतीचंही विचारा. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली, तिच्यावर कोर्टात वाद झाले, पण त्या वादांच्या भरवशावर घरी बसू नका.

कंपन्यांच्या भांडणाचं म्हणाल, तर २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने एक मोठी अडचण दूर केली. समजा तुम्ही रिक्षात बसला आहात, रिक्षा आणि टेंपोची धडक झाली आणि चूक दोघांचीही आहे. पूर्वी "माझा चाळीस टक्के, उरलेला त्याच्याकडून घ्या" असं तुम्हाला ऐकवलं जायचं. न्यायालयाने सांगितलं, की ज्याची स्वतःची चूक नाही अशा जखमीला सगळी भरपाई दोघांपैकी कुणाही एकाकडून मागता येते. देणाऱ्याने मग दुसऱ्याचा हिस्सा त्याच्याकडून वसूल करावा. म्हणजे पुन्हा दवाखान्याच्या काउंटरवरचा तोच मुलगा! फरक एवढाच, की आपल्याकडे हे निकाल लागल्यावर होतं, आणि निकालाला वर्षं जातात. कॅनडात अर्ज पोहोचला की पैसे निघतात. मला विचाराल तर आपल्याकडे नुसती रक्कम वाढवण्यापेक्षा हा "पहिल्या कंपनीने देत राहायचं" नियम आणायला हवा.

आपल्याकडची आणखी एक वसुली मात्र थेट घरापर्यंत येते, ती सांगून थांबते. गाडी चालवणाऱ्याकडे लायसन्स नसेल, तर पुष्कळदा न्यायालय कंपनीला म्हणतं, जखमीला तू दे आणि गाडीमालकाकडून वसूल कर. गाडी यजमानांच्या नावावर, चालवत होता बारावीतला भाचा, अशा वेळी कंपनीचा कागद यजमानांच्या नावाने येतो, आणि रक्कम लाखांत असते. तेव्हा स्कूटरची किल्ली खुंटीला टांगलेली असते ती जरा आत कपाटात ठेवा, आणि "मावशी, कोपऱ्यावर जाऊन येतो" म्हणणाऱ्याला आधी लायसन्स विचारा. त्याला राग आला तर चहा करून द्या.